१९७२ च्या फोक्सवॅगन कॅम्परला लूव्हरच्या, म्हणजे काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या, खिडक्या घरी बसवता येतात का? पावसात गळतात का?

बसवता येतात. नीट बसवल्या तर गळतही नाहीत.

तुम्ही लिहिलंय की गाडी इंग्लंडात आहे, मधल्या बंद काचा काढून तिथे काचेच्या पट्ट्यांच्या खिडक्या बसवायच्या आहेत, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "लूव्हर गळतात, सरकत्या घे." हेच वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की प्रश्न वाचून गप्प बसवेना. उत्तर लांबणार आहे.

आमचीही तशीच, १९७३ ची "बे", म्हणजे पुढे एकच सलग मोठी काच असलेली फोक्सवॅगन व्हॅन. २०१५ मध्ये घेतली तेव्हा पुढच्या दारांच्या सोडल्या तर सगळ्या काचा बंद. आत दोन शेगड्यांचा गॅस. पहिल्याच मुक्कामाला सकाळी उठून बघते तर काचांवरून पाणी ओघळतंय आणि गादीची कड ओली. रात्री पावसाचा थेंब पडला नव्हता. ते पाणी आमचंच होतं. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो, आणि आम्ही चौघं होतो. त्यात गॅस. एक किलो ब्युटेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. दोनदा चहा आणि एकदा भात केला की शंभर ग्रॅम गॅस गेलाच समजा, म्हणजे दीडशे ग्रॅम पाणी. शिजणाऱ्या भाताची वाफ वेगळीच. पत्र्याच्या बंद डब्यात हे सगळं जाणार कुठे?

म्हणून मी लूव्हर म्हटलं. मी दापोडीची. बाबा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत बसच्या बॉडीच्या कामावर होते. आमच्या घरी मोरीच्या खिडकीला काचेच्या पट्ट्या होत्या आणि जून ते सप्टेंबर त्या कधी मिटलेल्या मला आठवत नाहीत. पाऊस पट्टीवरून बाहेर उतरायचा, वाफ वरच्या फटींतून निघून जायची. सरकती खिडकी पाऊस आला की लावून घ्यावी लागते, म्हणजे हवेची गरज सगळ्यात जास्त तेव्हाच ती बंद. शिवाय ती उघडून उघडते अर्धी. लूव्हर जवळजवळ पूर्ण उघडते. फूटपट्टी लावून बघा.

माझे दीर इंजिनिअर आहेत. त्यांची कॅम्पर नवी, तिला ॲक्रिलिकच्या दुहेरी सरकत्या खिडक्या. माझा बेत ऐकून ते म्हणाले, "वहिनी, ती बाथरूमची खिडकी आहे." सगळ्यांसमोर. भावजींचा मान ठेवायचा म्हणून मी तेव्हा बोलले नाही. १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये झोपायची-रांधायची सोय करून देणाऱ्या वेस्टफालियाने आपल्या कॅम्परना याच पट्ट्यांच्या खिडक्या दिल्या होत्या. ते लोक काही बाथरूम बांधत नव्हते.

खिडक्या मागवल्या आणि बसवायचं काम एका गॅरेजला दिलं. ऑगस्ट २०१६ मध्ये आम्ही वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यावर गेलो, शेजारच्या जागेत भावजी आणि जाऊबाई त्यांच्या गाडीत. रात्री दोनला समुद्राकडून आडवा पाऊस सुरू झाला. तासाभरात डाव्या खिडकीखालून आत धार लागली. खालचं कपाट, मुलांच्या झोपायच्या पिशव्या, कणकेचा डबा, सगळं भिजलं. सकाळी भावजी चहाचा कप घेऊन आले, आत डोकावले आणि म्हणाले, "सांगितलं होतं." नवऱ्याने मान डोलावली. पाण्यापेक्षा मला ती मान लागली.

गाडी परत गॅरेजला नेली. त्यांनी कडेने आणखी सिलिकॉन भरलं. पुढच्या पावसात दुप्पट पाणी आत.

मग मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी विचारलं, "पाणी कुठनं येतंय?"

"खिडकीतून."

"खिडकी हातभर आहे. कुठनं?"

मला सांगता येईना. बाबा म्हणाले, नवी बस तयार झाली की तिच्यावर पाण्याचा मारा करतात आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन बसतो. तू आत बस, जावईबापूंच्या हातात पाइप दे. आतून सगळं कोरडं पूस, खिडकीच्या चारी बाजूंनी खडू घास, दाट. पाणी जिथून शिरेल तिथे खडूवर काळी रेघ उमटेल. आणि पाइप खालून वर घ्यायचा, वरून खाली नाही. वरून सुरू केलंस की सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही.

आम्ही तसंच केलं. आधी रबराच्या खाली पाच मिनिटं पाणी. खडू कोरडा. मग रबरावर. कोरडा. मग खालच्या पट्टीवर. दोन-तीन मिनिटांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या खालच्या आतल्या कडेवरून, डाव्या कोपऱ्यात, पहिली काळी रेघ उतरली. दोन पट्ट्यांच्या मधून एक थेंब आला नव्हता. मी फोन तिथे धरला. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "तिला खाली बाहेरच्या अंगाला भोकं असतील. ती कुठायत?"

भोकं दोन होती. दोन्ही सिलिकॉनने बुजवलेली.

सगळी गोम त्या दोन भोकांत आहे. लूव्हर हवाबंद नसतेच. पट्ट्या एकमेकींवर बोटाच्या रुंदीएवढ्या चढतात, वरची खालचीच्या बाहेरून, म्हणून समोरचं पाणी खाली घसरतं. पण पट्टीची दोन टोकं बाजूच्या क्लिपांत अडकवलेली असतात आणि तिथून थोडं पाणी आत शिरणारच. ते चौकटीच्या खालच्या पन्हळीत पडतं आणि त्या भोकांतून बाहेर जातं. भोकं बुजली की पन्हळ भरते आणि आतल्या कडेवरून सांडते. गॅरेजवाल्यांनी गळती बंद करायला जे भरलं, त्यानेच गळती सुरू केली होती. मी काडेपेटीच्या काडीने वरचं सिलिकॉन उकरलं, मग तीन मिलीमीटरचं ड्रिलचं पातं हातानेच फिरवलं. साठलेलं पाणी भडाभडा बाहेर आलं. पुन्हा खडू, पुन्हा पाइप. वीस मिनिटं. रेघ नाही.

त्या खडूच्या रेघांचे आधीचे आणि नंतरचे फोटो मी काढून ठेवले आहेत.

पण तोवर नुकसान झालं होतं. पुढच्या वसंतात खिडकी उतरवली तर खालच्या कोपऱ्यात पत्र्याच्या कडेची जाळी झालेली, वरून मात्र रंग लावून गुळगुळीत. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि ते उघड्या पत्र्याला खातं. शिवाय एकदा ते लागलं की त्यावर रंग धरत नाही. चार बोटं पत्रा कापून नवा वेल्ड करून घ्यावा लागला. म्हणून सांगते, सिलिकॉनची नळी गाडीच्या आसपास आणू नका. कुठे भरायचंच असेल तर कधीच कडक न होणारं मॅस्टिक वापरा, तेही रबर आणि पत्रा यांच्या मध्येच. चौकटीच्या खाली कधीही नाही.

आता तुमचं काम. बे गाडीला बंद काचेच्या मापाच्या तयार चौकटी मिळतात, त्यामुळे पत्रा कापायचा प्रश्न येत नाही. जुनं रबर वाचवत बसू नका, सुरीने कापा आणि काच आतून दोघांनी मिळून हळू ढकला, बाहेर एक जण झेलायला हवा. मग नवीन खिडकीकडे वळूही नका. आधी पत्र्याची कड बघा, विशेषतः खालचे दोन कोपरे. वायर ब्रश मारून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, गंजावरचं औषध, जस्ताचा प्रायमर, वर रंग, आणि तो पूर्ण वाळू द्या. माझ्या मते अख्ख्या कामातला निम्मा वेळ इथेच जायला हवा. ज्याचा गेला नाही त्याने काम बिघडवलं.

नवं रबर चौकटीला चढवा. पत्र्याच्या कडेवर बसणाऱ्या खाचेत चार-पाच मिलीमीटरची गुळगुळीत दोरी घाला, टोकं खाली मधोमध एकमेकांवरून नेऊन आत सोडा. कडेला साबणाचं पाणी. बाहेरून एकाने तळव्याने दाबत राहायचं, आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढायची, की रबराची आतली कड पत्र्यावर उलटून बसते. भारतात जुन्या गाड्यांच्या काचा बसवणारे सुतळीने हेच करतात. थंडीत रबर कडक होतं, तेव्हा आधी गरम पाण्यात बुडवून ठेवा. दाबताना चौकटीवर दाबा, पट्ट्यांवर नाही. बसवण्यापूर्वी चौकट उलटी धरलेली नाही ना, भोकं खालीच आहेत ना, आणि प्रत्येक पट्टी बाहेरून खालचीवर चढते ना, हे तपासा.

पट्टी फुटली तर घराच्या लूव्हरची काच कापून आणायचा मोह होईल. माझ्या नवऱ्याला झाला होता. ती साधी काच असते, फुटली की सुऱ्यांसारखे तुकडे पडतात आणि त्याला टेकून मुलं झोपतात. टफन केलेलीच, म्हणजे तापवून मजबूत केलेली, घ्या, आणि ती हव्या त्या मापात आधी कापून मग टफन केलेली असते. नंतर कापायला गेलात तर भुगा होतो. काचेवरचा शिक्का स्वतः वाचा. ४० वर्षांपुढच्या, मोठे फेरबदल न झालेल्या गाड्यांना इथे ब्रिटनमध्ये एमओटीची, म्हणजे वार्षिक तपासणीची, सक्ती नाही, तेव्हा दुसरं कोणी तपासेल या भरवशावर राहू नका.

सरकतं दार ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या सगळ्यात मागच्या खिडकीला लूव्हर लावू नका. पट्ट्या उघडल्या की बाहेर येतात आणि दार मागे सरकताना त्यांवर आपटतं. चालत्या गाडीत सगळ्या पट्ट्या बंदच हव्यात. कॉर्नवॉलच्या अरुंद रस्त्यांत दोन्हीकडची झुडपं गाडीला घासतात हे तुम्हाला माहीत असेलच.

दोन-तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वारा थेट खिडकीवर असेल तर बंद लूव्हरमधूनही एखादा थेंब आतल्या जाळीवर येतो. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा. हिवाळ्यात या खिडक्यांतून गारठा येतो, आतून जाड पडदा लागतो, आणि इथे भावजींच्या दुहेरी खिडक्या खरंच सरस आहेत. क्लिपा बाहेरून वाकवून पट्ट्या काढता येतात, म्हणजे चोराला सोपं. प्रत्येक पट्टीच्या टोकाला आतून चिकट पदार्थाचा एक ठिपका द्या आणि विमावाल्यांना खिडक्या बदलल्याचं कळवा. आणि लूव्हर आहे म्हणून गॅससाठीची कायमची हवेची जागा बुजवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साठतो, त्याला फरशीतलं भोकच लागतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच.

सरकत्या की लूव्हर? वर्षभर, बर्फातही फिरणार असाल तर सरकत्या. एप्रिल ते ऑक्टोबर फिरणार, आत रांधणार, मुलं बरोबर असणार, तर लूव्हर. पंधरा मिनिटांत डोसे करून खिडक्या कोरड्या राहतात, हे मी सरकत्या खिडक्यांच्या गाडीत अजून पाहिलेलं नाही.

२०१७ पासून आम्ही त्याच खिडक्या घेऊन दोनदा स्कॉटलंडला आणि परत पेम्ब्रोकशायरच्या त्याच किनाऱ्यावर गेलो. कपाट कोरडं आहे. नवऱ्याने त्या वेळची मान डोलावणी मागे घेतली, तीही बाबांसमोर, फोनवर.

भावजी, तुम्ही हे वाचत असाल तर, खिडकी गळत नव्हती, तिची भोकं बुजवली होती. फोटो हवे असतील तर पाठवते.