व्हिम शिकायला किती वेळ लागतो? नॅनो येत असेल तर शिकायची गरज आहे का?

व्हिम आणि नॅनो हे दोन्ही टर्मिनलवर चालणारे टेक्स्ट एडिटर. व्हिममधून बाहेर कसं पडायचं हे विचारलं नाहीत, म्हणजे कोलन-क्यू-उद्गारचिन्हापर्यंत (सेव्ह न करता बाहेर पडायची कमांड) पोचला आहात. पुढचं अर्ध्या तासाचं काम आहे. टर्मिनलवर व्हिमट्यूटर टाइप करा आणि तो सांगेल तसं करत जा. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "सीनियर म्हणतात ॲरो की बंद कर, तरच व्हिम येईल." ते वाचून माझं डोकं फिरलं.

असेच एक साहेब माझ्याही वाट्याला आले होते. नवीन माणूस आला की त्याच्या मशीनवर बसून ॲरो की निकामी करून द्यायचे. त्यांची व्हिमआरसी, म्हणजे व्हिमच्या सेटिंगची फाइल, शेकडो ओळींची, त्यात कुठून कुठून उचललेली प्लगइन्स. कुणाकडे नॅनो उघडा दिसला की "खेळणं आहे ते" म्हणायचे. मी डीडी (ओळ काढणं), पी (चिकटवणं), यू (बदल मागे घेणं) आणि स्लॅश मारून शोधणं एवढ्यावर भागवायचो, वर ॲरो कीही वापरायचो, त्यामुळे माझी गणना अडाण्यांत.

एका रात्री एक सर्व्हिस उठेना. मशीन छोटं, त्यावर फक्त बिझीबॉक्समधला (छोट्या मशीनसाठीच्या आटोपशीर कमांडसंचातला) साधा व्हीआय, म्हणजे व्हिमचा जुना पूर्वज ज्या नावाचा, तसला एडिटर. साहेबांनी कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलला, सेव्ह केलं, रीस्टार्ट दिला. सर्व्हिस परत आडवी. मग परमिशन तपासून झाल्या, फायरवॉल तपासून झाली, नेटवर्कवाल्याची झोपमोडही झाली. मी लॉगची शेवटची ओळ वाचली. पोर्टचा आकडा चुकीचा, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. फाइल उघडली तर त्या ओळीवर ८०८०जेके.

साहेबांच्या मशीनवर जे आणि के पाठोपाठ दाबलं की एस्केप लागायचं, तसं त्यांनीच मॅप केलं होतं. इथे तो मॅप कुठला असणार? बोटांच्या सवयीने दोन अक्षरं मुकाट फाइलीत जाऊन बसली. मागोमाग उमटलेलं कोलन-डब्ल्यू-क्यू तेवढं साहेबांना दिसलं, ते खोडून त्यांनी खरं एस्केप दाबलं आणि सेव्ह केलं. जेके तसंच राहिलं. मी त्या ओळीवर गेलो (ॲरो कीने, मुद्दाम), डॉलर दाबून शेवटाला, दोनदा एक्स, सेव्ह. सर्व्हिस उठली. साहेब म्हणाले, "बिझीबॉक्सचा व्हीआय भंगार आहे."

आणि ते ॲरो कीऐवजी एच-जे-के-एल वापरायचं शास्त्र! बोटं जागची हलू नयेत म्हणून म्हणे ती अक्षरं निवडली. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला तेव्हा त्याच्यासमोर एडीएम-३ए टर्मिनल होतं. त्याला वेगळ्या ॲरो की नव्हत्याच, बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. एस्केप होतं आजच्या टॅबच्या जागी, अगदी हाताशी. हातात जो कीबोर्ड होता त्यावर त्याने काम भागवलं, आणि आपण त्याचं सोवळं करून बसलोय.

तेव्हा ॲरो की खुशाल वापरा. मेहनत घ्यायची तर क्रियापदं शिकण्यात घ्या. डी म्हणजे काढ, सी म्हणजे काढून नवीन लिही. त्यापुढे कुठवर ते सांगायचं: डीडब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, डी-डॉलर म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत. सी, आय आणि मग अवतरणचिन्ह दाबलं की अवतरणातला मजकूर साफ होऊन तुम्ही थेट लिहायला मोकळे. पुढच्या ठिकाणी तोच बदल हवा तर नुसता टिंब. व्हिमची खरी गंमत इथे आहे आणि ती कुणाच्या व्हिमआरसीतून येत नाही. पहिले काही महिने दुसऱ्याची व्हिमआरसी उचलूच नका, जेके तर नाहीच नाही.

मात्र सी-आय वगैरे व्हिममधलं आहे, साध्या व्हीआयमध्ये मिळेलच असं नाही. जुन्या व्हीआयमध्ये यू एकच पाऊल मागे नेतो, दुसऱ्यांदा दाबलात तर तोच बदल परत येतो.

नॅनोचं म्हणाल, तर फक्त गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) कमिटचे मेसेज लिहायचे असतील तर एडिटर व्हेरिएबलमध्ये नॅनो टाका आणि कुणाचं ऐकून घेऊ नका. दुसऱ्यांच्या सर्व्हरवर जायचं असेल तर व्हीआय आलाच पाहिजे. पॉझिक्सच्या, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या, मानकात त्याचं नाव आहे, नॅनोचं नाही.

आणि कधी स्क्रीन गोठून काहीच उमटेनासं झालं तर खिडकी बंद करू नका. सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलं असेल, त्याने टर्मिनल थांबतं; कंट्रोल-क्यू दाबा.