बांधावरची पत्रं : गांजाची चार झाडं, लसणाचा एक गुंठा

प्रश्न : राम राम आप्पा. तोरणमाळला वरच्या अंगाला आमचं दीड एकर रान आहे. पावसाळ्यात धुकं हटत नाही, थंडीत दव गोठतं. पुण्याला शिकणारा भाचा दिवाळीला आला होता. गांजाची एक उग्र वासाची विलायती जात थंड, ओलसर हवेतही येते, असं त्यानं मोबाइलवर दाखवलं. ‘मामा, तुमची हवा तशीच आहे, तुरीच्या कडेला चार झाडं लावून बघू,’ म्हणतो. उत्तराखंडात सरकारच परवाना देतं, असंही त्याचं म्हणणं. मला धास्ती वाटते. पोराला काय सांगू? आणि वासाचं, दोन पैसे देणारं दुसरं काही आमच्याकडे येईल का?
— एक वाचक, तोरणमाळ परिसर

उत्तर : भाऊ, धास्ती वाटली ते बरं झालं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. चार झाडांना माफी, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. वर आपल्या जमिनीत असं पीक दिसलं तर लगेच पोलिसांना कळवणं हेही जमीनमालकाचंच काम.

उत्तराखंडाचं भाच्यानं अर्धंच वाचलंय. तिथला परवाना धाग्या-बियाच्या झाडाचा. त्यात नशेचा अंश ०.३ टक्क्याच्या आत लागतो, म्हणजे भाच्याला हवी ती जात तिथंही बसत नाही.

मी कृषी सहायक असतानाची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याला एकानं शेत बटाईनं दिलं आणि स्वतः सुरतेला कामाला गेला. बटाईदारानं तुरीच्या दोन ओळींमध्ये हा उद्योग केला. तूर डोक्याइतकी, बाहेरून काही दिसत नव्हतं. पण ऑक्टोबरात फुलोरा आला आणि संध्याकाळी वारा पडला की वास थेट रस्त्यापर्यंत. भिजलेला बोकड आणि सडका कांदा एकत्र बांधल्यासारखा. पोलिसांना वाट विचारावी लागली नाही. मालक बिचारा पुढे तीन वर्षं सुरत–कोर्ट–सुरत करत होता. भेटला की एकच बोले, ‘आप्पा, मना काय गुन्हा?’

आता हवेचं. या झाडाला रात्र मोठी व्हायला लागली की फुलोरा येतो, म्हणजे नेमका परतीच्या पावसाच्या सुमाराला. वास असतो मादी झाडाच्या फुलोऱ्यात, आणि तो फुलोरा असतो गच्च, मुठीसारखा. धुक्याचं पाणी आत शिरलं की वाळत नाही. आतून करडी बुरशी धरते आणि बाहेरून हिरवं दिसणारं बोंड हातात घेताच भुसभुशीत होतं. द्राक्षाच्या गच्च घडाला सडवते तीच ही बुरशी. एखादी जात ओल सोसते म्हणतात ती इतरांपेक्षा थोडी जास्त, एवढंच.

या पत्रात मला खरी गंमत वाटली ती वासाची. गांजाच्या त्या उग्र वासामागं गंधकाची संयुगं आहेत, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं. लसणाचा वासही गंधकाचाच, आणि दोन्हीकडची संयुगं एकमेकांच्या भावकीतली निघाली! भाच्याला वासच हवा असेल तर लसूण लाव म्हणावं. त्याला पोलीस येत नाहीत, फक्त भरिताच्या पार्टीची बोलावणी येतात.

तुमच्याकडे लसूण पावसाळ्यात नको, जांभळा करपा पानं जाळून टाकील. धुकं उठलं, हवा कोरडी झाली की ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावा. थंडी त्याला मानवते. गड्डा भरताना मात्र कोरडी हवा आणि ऊन लागतं, ते फेब्रुवारी-मार्चात तुम्हाला मिळतं. पहिल्या वर्षी एकच गुंठा करा. पाच किलो बेणं पुरतं. गड्ड्याच्या बाहेरच्या कडेच्या जाड पाकळ्या घ्या, मधल्या बारीक फोडणीला ठेवा. बूड खाली, शेंडा वर, बोटाच्या एका पेराइतकं खोल, दोन ओळींत १५ आणि दोन पाकळ्यांत १० सेंटिमीटर. वाफा गादीचा, पाणी साचता कामा नये.

तिखटपणा जमिनीतल्या गंधकावर बराच अवलंबून असतो. आपले लोक डोळे झाकून डीएपी खत टाकतात. त्यात गंधक जवळपास नसतंच. त्याऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घ्या, स्फुरदासोबत ११ टक्के गंधक आपोआप जातं. दुसरं, पाणी कमी. सारखं पाणी पाजलेला लसूण दिसायला टपोरा आणि खायला बोळका. पानं पिवळी पडून माना टाकायला लागली की पाणी बंद. काढणी त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी. लावल्यापासून साधारण चार-सव्वाचार महिने होतात.

काढल्यावर मी केलं ते करू नका. एका मार्चात अवकाळीनं गाठलं म्हणून घाईघाईत ओलाच लसूण बारदानात कोंबला आणि कोठीत ठेवला. दहा दिवसांनी तोंड सोडलं तर हिरवट-निळी पूड उडाली. वरून गड्डे शाबूत, पण दाबला की पाकळीच्या जागी पोकळी. बायको तीन दिवस बोलली नाही, कारण बेणंही त्यातच होतं. तेव्हा शेतात पातीनं गड्डे झाकून दोन-तीन दिवस, मग सावलीत दहा-बारा दिवस सुकवा आणि जुड्या बांधून चुलीच्या वर टांगा. धूर लागला की बुरशी जवळ येत नाही.

दोन पैसे मिळतील का? बाजाराचा शब्द मी देत नाही. लसणाचे भाव एका वर्षी आभाळाला, दुसऱ्या वर्षी पायदळी. घरचं भागून बेणं विकता आलं तरी पहिल्या वर्षी पुष्कळ झालं.

प्रश्न : आप्पा, कपाशीच्या कडेला अंबाडी लावलीय. मुंबईहून आलेला नातू पानं बघून गांजाच समजला आणि घाबरला, फोटो काढून मित्रांना पाठवले, आता सगळे हसतात. खरंच सारखी दिसते का?
— एक आजी, यावल तालुका

उत्तर : आजी, दिसते. हसणाऱ्यांना सांगा, दोरीच्या अंबाडीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारखी दिसणारी जास्वंद. पण तिचं पान पंजासारखं फाटलेलं असलं तरी देठापाशी एकसंध असतं. गांजाची पानटी देठापर्यंत सुटी सुटी असतात. आणि फूल आलं की वादच संपतो : अंबाडीचं फूल भेंडीसारखं मोठं, फिकट पिवळं, आत गर्द लाल, गांजाच्या फुलाला पाकळ्याच नसतात. नातवाला म्हणावं, आता फोटो काढायचा तर फुलाचा काढ, आणि जाताना कोवळी पानं खुडून ने, मुंबईत अशी आंबट भाजी मिळायची नाही.