अठरा पूर्ण होण्याआधी

प्रश्न : आमच्या तालुक्यातील एका बालगृहात मी सहा वर्षांपासून मुलींना गणित शिकवते. तेथील बारावीतल्या एका मुलीला येत्या मे महिन्यात अठरा वर्षे पूर्ण होतील. तिला आईवडील नाहीत आणि जवळचे कोणी नातेवाईकही नाहीत. ‘त्यानंतर तिला येथे ठेवता येणार नाही,’ असे अधीक्षिकाबाई सांगतात. तिला परिचारिका व्हायचे आहे. मी काय करू शकते?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपण वेळेवर विचारलेत, याचे फार समाधान वाटले. अधीक्षिकाबाईंचे म्हणणे बालगृहापुरते खरे आहे. परंतु बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ४६ अशा मुलामुलींच्या पुढील आधारासाठीच आहे. ते कलम आणि अधिनियमाखालील नियम यांनुसार एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे, अनुरक्षणगृहात (बालगृहातून बाहेर पडलेल्या अठरा वर्षांवरील मुलामुलींच्या निवासात) राहण्याची सोय किंवा आर्थिक साहाय्य मिळू शकते. हे आपोआप मिळत नाही, म्हणून संस्थेमार्फत बालकल्याण समितीकडे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आताच अर्ज करायला लावा. मे महिना उजाडण्याची वाट पाहू नका.

त्याहून निकडीचे काम कागदपत्रांचे आहे. जन्मदाखला, आधार, शाळेचे दाखले, समितीचे आदेश आणि तिच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते, हे सारे ती संस्थेत असतानाच पूर्ण व्हायला हवे, कारण एकदा बाहेर पडलेल्या मुलीला जुन्या फायलीतील एका कागदासाठी किती खेटे घालावे लागतात, हे मी जवळून पाहिले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण लागू केले. त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत मिळवावे लागते. परिचर्येच्या प्रवेशाआधी ते तिच्या हाती असावे.

मात्र आपल्यासारख्या व्यक्तीची खरी गरज वेगळीच आहे. संस्थेत वेळेवर ताट समोर येते, आजारपणात कोणीतरी दवाखान्यात नेते. तिने आजवर भाजी विकत घेतलेली नसेल, एकटीने एसटीचा प्रवासही केलेला नसेल. तिला बाजारात न्या, बँकेत पैसे तिलाच भरू द्या, चुकली तरी तिचे तिलाच निस्तरू द्या. आणि पुढे शिकताना दिवाळीच्या सुट्टीत तिचे वसतिगृह रिकामे होईल तेव्हा तिने कोठे जायचे, हे आताच ठरवा. आपल्या घरी येणे शक्य असेल तर तिला तसे स्पष्ट सांगा. शक्य नसेल तर मोघम आश्वासन देऊ नका, समितीपुढे तो प्रश्न मांडा.