आपली चेतना विश्वाशी जोडलेली आहे हे क्वांटम भौतिकशास्त्राने सिद्ध केलंय का? मग ध्यानात मला ते का जाणवत नाही?

तुम्ही लिहिलंय की रोज पहाटे अर्धा तास बसता, ‘मी विश्वाशी एकरूप आहे’ असं मनात घोळवता आणि तरी काहीच घडत नाही. शिवाय गुरू केल्याशिवाय हे जमतं का, असंही विचारलंय. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माळ आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळच्या आहेत.

आधी क्वांटमचं, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्राचं. नाही, असं काही सिद्ध झालेलं नाही. दोन फटींच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन दोन बारीक फटींमधून सोडले की मागच्या पडद्यावर पट्ट्यांचा नमुना उमटतो. इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला हे टिपलं, की तो नमुना नाहीसा होतो, हे खरं. म्हणून बघणाऱ्याच्या मनानेच फरक पडतो, असं वाटू शकतं. पण टिपणारं असतं यंत्र. प्रयोगशाळेला कुलूप लावून सगळे घरी गेले तरी निकाल तोच येतो. इलेक्ट्रॉनची यंत्राशी गाठ पडली की पुरे, तिथे कुणाचं मन लागत नाही. भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी 1961 मध्ये जाणिवेला त्या मोजमापात स्थान देणारी मांडणी केली होती, पण पुढे त्यांनीच ती सोडून दिली. क्वांटम भौतिकशास्त्राचं मूळ समीकरण मांडणारे श्रोडिंगर यांचं नाव तर चेतना आणि क्वांटमची सांगड घालणाऱ्या व्हिडिओंत हमखास येतं. ते उपनिषदांनी भारावलेले होते, यात शंका नाही. 1944 साली सजीव म्हणजे काय यावर त्यांनी छोटं पुस्तक लिहिलं, त्याच्या शेवटी आत्मा आणि ब्रह्म एकच हा विचार मांडला. पण हे आपलं व्यक्तिगत मत आहे, असं तिथेच सांगून ठेवलं. आपल्या समीकरणाची साक्ष त्यांनी त्यासाठी काढली नाही. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

विज्ञान विश्वाशी आपलं एक नातं मात्र नक्की दाखवतं. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनकडून येणाऱ्या क्षीण लहरी ती टिपते. तुमच्या शरीरातल्या पाण्यात आहे तो हाच हायड्रोजन. त्याची अणुकेंद्रं सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी, विश्वाच्या अगदी आरंभी तयार झाली. रक्तातलं लोह ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत घडलं. विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं, जमलं तर घरातल्या मुलांना घेऊन जा. पण हे नातं द्रव्याचं झालं. मेंदूत चालणाऱ्या घडामोडींतून ‘मला दिसतंय’ हा अनुभव का उमटतो, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी 1995 मध्ये या प्रश्नाला ‘कठीण प्रश्न’ म्हटलं होतं, तो आजही तसाच उभा आहे. तो सुटलेला नाही म्हणून त्या जागी आपल्याला हवं ते उत्तर बसवता येत नाही.

तुमच्या खऱ्या अडचणीचं उत्तर मला ज्ञानदेवांकडे सापडतं. कथा तुम्हाला ठाऊक असेल. चौदाशे वर्षं जगलेले योगी चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले. समोरचा वयाने लहान, ज्ञानाने मोठा, मग मायना काय लिहायचा? ते सुचेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. त्याला आलेलं उत्तर म्हणजे चांगदेव पासष्टीच्या 65 ओव्या. सोन्याचा दागिना झाला तरी सोनेपण तसूभरही उणं होत नाही, तसंच चैतन्य न वेचता जग होतं, असं त्यात ज्ञानदेव सांगतात. पाहणारा, पाहिलेलं आणि पाहणं हे तीन वेगळे उरत नाहीत. ‘अमृतानुभव’ या आपल्या ग्रंथातही जगाला ते खोटं म्हणून झटकत नाहीत. जग हा चैतन्याचाच विलास ठरतो. मला हे फार मोठं वाटतं, कारण मग कुकरची शिट्टी किंवा शेजारचं रडणारं मूल हा साधनेतला अडथळा राहत नाही.

‘मी एकरूप आहे’ असं घोळवताना इकडे मी, तिकडे विश्व अशी वाटणी आपण आधीच करून बसतो आणि मग सांधा जुळण्याची वाट पाहतो. त्याऐवजी काही दिवस असं करून पाहा. नुसते बसा, आवाज येऊ द्या. दूधवाल्याची गाडी, पंखा, कावळा, काय असेल ते. ऐकू येत असताना ‘ऐकणारा’ वेगळा हाताला लागतो का, ते बघा. शोधायला जाल तर एखादा नवा विचार तेवढा सापडेल. तोही पुन्हा कळलेलाच. प्रकाश दिसला, कंपनं जाणवली तर जाणवोत, त्यांच्या मागे जाऊ नका. ‘काही जाणवत नाही’ हेही तुम्हाला जाणवतंच आहे ना, त्या जाणण्याकडे लक्ष द्या. हेच जाणणं सगळ्यांत एक आहे, अशी माझी श्रद्धा आहे. बसण्याने ती दृढ झाली. पण वर्गात फळ्यावर सिद्ध करता येईल अशी ती गोष्ट नाही, आणि मी तसा दावाही करणार नाही.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो. ‘विश्वाकडे मागा, विश्व गाडी देईल, बंगला देईल’ हा जो अध्यात्माचा बाजार मांडलाय, त्याचा. ज्ञानेश्वरी 1290 साली नेवाशात पूर्ण झाली, तेव्हा ज्ञानदेवांनीही विश्वात्मक देवाकडे मागितलंच. मागितलं काय? दुष्टांचा दुष्टावा जावो, जीवांचं एकमेकांशी मैत्र जडो, ज्याला जे हवं ते त्याला मिळो. त्यात स्वतःच्या घरासाठी काही नाही. साधना योग्य दिशेने चाललीय का, हे मी याच मापाने बघते. भाजीवाल्या मावशींशी, सासूबाईंशी, न आवडणाऱ्या सहकाऱ्याशी माझं वागणं जरा मऊ झालं का? होत असेल तर ध्यानात काहीही ‘दिसलं’ नाही तरी चालेल.

आणि एक. बसायला लागल्यापासून झोप उडाली, भीती वाटू लागली, हात-पाय आपले नाहीत असं दिवसभर वाटत राहिलं, तर बसणं थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘ऊर्जा जागी होतेय’ असं कुणी सांगितलं तरी वेळ घालवू नका.

गुरूंबद्दल. ज्ञानदेवांचे गुरू त्यांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ, म्हणजे घरातच होते. भेटला तर उत्तम, पण त्यासाठी अडून राहू नका. सध्या अर्थासह चांगदेव पासष्टीची छोटी प्रत आणा आणि बसण्याआधी दोन-तीन ओव्या मोठ्याने वाचा. जुनी मराठी पहिल्या वाचनात अडते, नंतर कानाला सवय होते. एखादी ओवी अडली तर इथे विचारा, मला जमेल तसं सांगेन.