शनिवार पेठेतला वाडा: फंडाचे पैसे घालावेत का?

प्रश्न: शनिवार पेठेत, शनिवारवाड्यापासून चालत तीन मिनिटांवर आमचा छोटा, एक मजली लाकडी वाडा आहे. वडिलांच्या पश्चात तो माझ्या आणि बहिणीच्या नावावर झाला. भाडेकरू नाहीत. एक बिल्डर 90 लाख देतोय आणि बहिणीला विकायचाय. मी 58 वर्षांचा आहे, दोन वर्षांनी निवृत्त होईन. फंडातले 38 लाख घालून वाडा नीट करावा आणि होमस्टे चालवावा असं मनात आहे. महिन्याला 35 हजार येतील असा अंदाज आहे. हेरिटेज वास्तू आहे, किंमत वाढतच जाणार ना?

उत्तर: शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं गणित त्याच्यावर उभं आहे. वाडा जुना असला म्हणजे तो कागदोपत्री हेरिटेज असतोच असं नाही. महापालिकेच्या वारसा यादीत त्याचं नाव आहे का आणि श्रेणी कुठली, हे हेरिटेज सेलमध्ये जाऊन बघा. यादीत असेल तर पाडकामावर बंधनं येतात, पण अडकून पडलेला एफएसआय (जागेवर जेवढं बांधता येतं तो हक्क) टीडीआर म्हणून, म्हणजे दुसरीकडे वापरायला, विकण्याची तरतूदही मिळू शकते. यादीत नसेल तर टीडीआरचा तो मार्ग बंद. कौतुक तर दोन्हीकडे फुकटच असतं. चौकात उभं राहून फोटो काढणारे वाहवा करून जातात, कौलं चाळायची ती मालकाने.

दुसरं म्हणजे अंतर. शनिवारवाडा हे केंद्राने संरक्षित केलेलं स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या बदलानंतर अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. जुन्या घराच्या दुरुस्तीला परवानगी मिळते, पण ती घ्यावी लागते. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीने बांधता येतं. 'चालत तीन मिनिटं' यातून काहीच कळत नाही. अंतर शनिवारवाड्याच्या मुख्य दिल्ली दरवाज्यापासून नव्हे, हद्दीपासून मोजतात. तुम्ही 100 च्या आत असाल, तर बिल्डरचे 90 लाख म्हणजे उद्या कायदा सैल होईल यावर लावलेला डाव आहे. बाहेर असाल, तर ही ऑफर कदाचित कमी आहे. अंतराचा आकडा हातात आल्याशिवाय बिल्डरशी चहासुद्धा घेऊ नका.

आता खरी अडचण, जी तुमच्या पत्रात एका वाक्यात उरकली आहे: बहीण. वाडा निम्मा तिचा आहे. तुम्ही 38 लाख घातलेत तर वाढलेल्या किमतीतला निम्मा वाटाही तिचाच, लेखी काही ठरलेलं नसेल तर. बरं, तिचा हिस्सा आधी विकत घ्यायचा म्हटलं तर बिल्डरच्या भावाने 45 लाख आणखी हवेत. म्हणजे 83 लाख एकाच जुन्या इमारतीत, निवृत्तीच्या उंबरठ्यावर! मोबदला न घेता भावंडाच्या नावे हक्कसोडपत्र केलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, हे अनेकांना माहीत असतं. पण ते बहिणीला सुचवूसुद्धा नका. तिने पैसे मागितले आहेत आणि तो तिचा हक्क आहे.

होमस्टेचं बघू. तुमचे 35 हजार ही जमा आहे, नफा नाही. राखणदार, धुलाई, रिकामे महिने, बुकिंगचं कमिशन आणि वाढीव मालमत्ता कर वजा केला, की माझ्या अंदाजाने निम्मे हातात राहतील, म्हणजे साडेसतरा हजार. उलट साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख ठेवलेत तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 रुपये येतात, महिन्याचे 20,500. वरचे 8 लाख शिल्लक राहतात ते वेगळेच. दोन्हींवर कर आहे. पण योजनेतलं मुद्दल पाच वर्षांनी परत मिळतं, वाड्यातलं मिळत नाही. तो पुन्हा खर्च मागतो.

तुमच्या फोटोत एक गोष्ट दिसली. चौकातल्या लाकडी खांबांना तळखड्यापासून (खांबाखालच्या दगडापासून) हातभर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला आहे. खांबात शिरलेली ओल सिमेंटमुळे बाहेर पडत नाही आणि सागवान आतून कुजतं. खांब टणटणीत दिसला तरी सिमेंट काढून, लाकडाला टोचा मारून बघावा लागेल. कोणाही कंत्राटदाराने हे न बघता 38 लाखांचा अंदाज दिला असेल तर तो अंदाज समजू नका.

म्हणून माझं मत: फंडाला हात लावू नका आणि होमस्टे सोडून द्या. पण विकायची घाईही करू नका. दोघांनी मिळून चार-पाच लाखांत कौलं, पन्हळी आणि ते खांब तेवढे करून घ्या, खर्च निम्मा-निम्मा आणि लेखी. खांब धड निघाले तर खालचा मजला एखाद्या आर्किटेक्टच्या किंवा डिझायनरच्या ऑफिसला लिव्ह अँड लायसन्सवर नोंदणीकृत करार करून द्या. अशा लोकांना कडीपाटाचं (लाकडी कड्या आणि फळ्यांचं) छत आवडतं आणि ते त्याचे पैसेही मोजतात. वाड्याचं जुनेपण जिथे पैशात उतरतं अशा मोजक्या जागांपैकी ही एक. बहिणीला मात्र मुदत द्या: दोन वर्षांत चांगला भाव आला नाही तर मिळेल त्या भावाला विकायचं. तुमची हौस तिच्या पैशाने भागवता येणार नाही.

विकायची वेळ आली तर करासाठी 1 एप्रिल 2001 चं मूल्यांकन आत्ताच करून घ्या. समजा ते 15 लाख निघालं आणि वाडा 90 ला गेला. इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे महागाईनुसार ती जुनी किंमत न वाढवता, 12.5 टक्क्यांनी कर सुमारे 9 लाख 37 हजार होतो. 2025-26 चा 376 हा महागाई निर्देशांक लावून, म्हणजे ती किंमत 3.76 पट धरून, 20 टक्क्यांनी तो 6 लाख 72 हजारांवर येतो, उपकर वेगळा. जुन्या मालमत्तेसाठी यातला कमी तो भरायची मुभा आहे. मूल्यांकन मात्र त्या वेळच्या सरकारी दरापेक्षा जास्त धरता येत नाही, त्यामुळे 'आमच्या ओळखीचा व्हॅल्युअर आहे' याचा फारसा उपयोग नाही.

वाड्याचं मालमत्ता पत्रक आणि मोजलेलं अंतर मिळालं की कळवा, बिल्डरचा आकडा मग बघू.