प्रश्न तुमचे : ठिपक्याच्या आत काय आहे?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. साध्या सूक्ष्मदर्शकातून २०० नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसू शकत नाहीत, असे आम्ही वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो. आता पेशीविज्ञानात एम.एस्सी. करणारी माझी नात मला २०-३० नॅनोमीटरचे बारकावे दाखवणारी चित्रे दाखवते आणि तीही प्रकाशानेच टिपलेली असतात. मग आम्ही चुकीचे शिकवले का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आपण शिकवलेले तेव्हा बरोबर होते आणि आजही आहे. जर्मनीतील येना येथे भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिले की भिंग कितीही निर्दोष घासले तरी प्रकाशाच्या तरंगस्वरूपामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू म्हणून उमटत नाही, तिचा पसरट ठिपका होतो, आणि दृश्य प्रकाशात या ठिपक्याची रुंदी सुमारे २०० नॅनोमीटरच्या खाली जात नाही. कांद्याच्या पापुद्र्यातील केंद्रक पाहताना याची काहीच अडचण होत नाही. पण पेशीत प्रथिने बनवणारा रायबोझोम जेमतेम २५ नॅनोमीटरचा असल्यामुळे रांगेतले सात-आठ रायबोझोम एकाच ठिपक्यात बुडून जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक याहून पुष्कळ बारीक पाहतो, मात्र त्याच्या निर्वातात पेशी जिवंत राहत नाही.

‘आबे यांची मर्यादा मोडली’ असे अनेकदा लिहिले जाते, ते मला पटत नाही. मर्यादा जागेवरच आहे. संशोधकांनी तिला वळसा घातला. रात्री दरीपलीकडच्या वस्तीतले सगळे दिवे एकदम लागलेले असले, तर धुक्यातून उजेडाचा एकच पुंजका दिसतो. पण घरोघरी आळीपाळीने दिवा लावून मालवला, तर एकट्या दिव्याचा उजेड कितीही पसरला तरी त्याचा मध्य कुठे आहे, हे बोट ठेवून सांगता येते, आणि असे सगळे मध्य कागदावर टिपले की वस्तीचा नकाशा हाती येतो.

पेशीत दिव्यांचे काम चमकणारी प्रथिने करतात. हिरवे चमकणारे प्रथिन ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशपासून वेगळे केले होते. अमेरिकेत जॉर्ज पॅटरसन आणि जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांनी २००२ मध्ये त्याचे असे रूप घडवले, की जांभळ्या प्रकाशाचा मारा होईपर्यंत ते जवळजवळ अंधारेच राहते. हा मारा अगदी क्षीण ठेवला, तर एका वेळी मोजकेच रेणू एकमेकांपासून दूर दूर चमकतात, थोड्या वेळाने कायमचे विझतात आणि मग पुढच्या रेणूंची पाळी येते. एका रेणूकडून १०० प्रकाशकण टिपता आले, तर त्याच्या मध्याची अनिश्चितता ठिपक्याच्या रुंदीच्या साधारण दशांशावर येते. कण जितके अधिक, तितका मध्य नेमका.

हे प्रत्यक्षात आणणारे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एरिक बेट्झिग तेव्हा बेकार होते, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. बेल प्रयोगशाळा सोडल्यावर त्यांनी काही वर्षे वडिलांच्या यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात काढली होती. त्यांचे मित्र हॅरल्ड हेस हेही नोकरीविना होते, आणि या दोघांनी तो पहिला सूक्ष्मदर्शक कॅलिफोर्नियात हेस यांच्या दिवाणखान्यात जुळवला. त्यातून मिळालेली लयकारिकांची (पेशीतील टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशव्यांची) चित्रे २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

श्टेफान हेल यांनी दुसरी वाट १९९४ मध्येच सुचवली होती. तिच्यात एक लेसर किरण रेणूंना चेतवतो आणि लगोलग पडणारा, मेदूवड्याच्या आकाराचा दुसरा किरण कडेच्या रेणूंना विझवतो. चमक उरते ती फक्त मधल्या भोकात. विझवणाऱ्या किरणाची तीव्रता वाढवली की भोक आणखी लहान होते. हेल, बेट्झिग आणि एकेका रेणूवर प्रकाशाने काम करण्याचा पाया घालणारे विल्यम मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नातीला एक जरूर विचारावे : हे चित्र टिपायला किती वेळ लागला? चित्र बेट्झिग यांच्या पद्धतीचे असेल, तर ते हजारो छायाचित्रांतून संगणकाने मांडलेला मध्यांचा नकाशा असते. २००६ मध्ये अशा एका चित्राला २ ते १२ तास लागत होते. पुढे हे काम मिनिटांवर आले, तरी सतत हलणारी, वाकणारी, मध्येच दुभंगणारी तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे अंगक) तेवढा वेळही एका जागी थांबत नाही. म्हणून अशा चित्रांतील पेशी बहुधा आधीच रसायनाने जागच्या जागी थिजवलेली असते.