जिप्सम बोर्डाचे कोपरे का तुटतात?

प्रश्न : भिवंडीतल्या आमच्या गोदामातून जिप्सम बोर्ड (छत-पार्टिशनला लावायचे, आत जिप्सम आणि वर कागद असलेले तक्ते) जातात. साइटवर पोहोचेपर्यंत कोपरे तुटतात, काही मधोमध तडकतात. नव्या पोरांना काय शिकवावं?

उत्तर : आधी एक बोर्ड उचलायला लावा. १२.५ मिमी जाडीचा ६ बाय ४ फुटी बोर्ड साधारण २० किलोचा. एकट्याला उचलता येतो, आणि घोटाळा तिथंच होतो: एकटा माणूस तो आडवा धरतो, बोर्ड मधे वाकतो, आतलं जिप्सम तडकतं. वरचा कागद मात्र शाबूत, त्यामुळे तडा स्क्रू मारतानाच कळतो. म्हणून दोघांनी, लांब कडेवर उभा धरूनच न्यायचा. ठेवताना आधी पूर्ण कड टेकवायची. कोपरा आधी टेकला की चुरा झालाच.

थप्पी आडवी, सारख्या उंचीच्या लाकडी पट्ट्यांवर. पट्ट्यांमध्ये दीड फुटापेक्षा जास्त अंतर नको, आणि थप्पीवर थप्पी रचली तर वरची पट्टी खालचीच्या बरोबर रेषेत हवी. भिंतीला टेकवून ठेवूच नका. दहा बोर्ड म्हणजे २०० किलो. घसरले तर पाय जायचा.

टेम्पोत दोरीखाली कडांना पुठ्ठ्याचे कोन लावा. पावसाळ्यात ताडपत्री हवीच. भिजलेला बोर्ड वाळवून पाठवू नका.